प्रेमी पत्त्याची वरची बाजू

भविष्य ही माणसाची मूलभूत गरज आहे. आणि मूलभूत गरजा दिसायलाही बऱ्या असाव्यात, असे मानण्याइतका समाज आता प्रगत झाला आहे. पूर्वी लोक भविष्य मिळेल तिथून घेत. तळहाताच्या रेषा, कपातला चहाचा गाळ, शेजारच्या काकू. (काकूंचे भविष्य सर्वांत अचूक निघे, कारण ते खरे करून दाखवण्याची जबाबदारीही त्याच घेत.) पण यांपैकी एकाही साधनाला कलामूल्य नव्हते. ही उणीव आमच्या कंपनीने भरून काढली.

आमची कंपनी मुळात खेळायचे पत्ते छापत असे. लोक पत्ते फोनवर खेळू लागले आणि कारखान्यातली कापणीची यंत्रे नुसती पुसली जाऊ लागली. तेव्हा आमच्या व्यवस्थापिकाबाईंच्या लक्षात आले की साध्या पत्त्यांत माणूस हरतो किंवा जिंकतो, आणि दोन्ही वेळा खेळ संपतो. टॅरोचे तसे नाही. अठ्ठ्याहत्तर पत्ते पिसायचे, मनात प्रश्न धरायचा, एक पत्ता ओढायचा आणि चित्रावरून आपले पुढे काय होणार ते ओळखायचे. कुणी हरत नाही, कुणी जिंकत नाही आणि खेळ काही केल्या संपत नाही. शिवाय पत्ता उलटा निघाला तर अर्थही उलटा होतो. एका कागदात दोन भविष्ये बसतात. कागदाच्या या काटकसरीबद्दल पर्यावरणवाल्यांनी आमचा सत्कार केला होता.

मात्र टॅरो आधीच बरेच जण छापत होते. म्हणून आम्ही ‘कलाप्रवाह मालिका’ काढली. चित्रकलेतला एकेक पंथ घ्यायचा आणि त्या पंथाचा चित्रकार जणू आपले नशीब रंगवतो आहे असा एकेक संच करायचा. माझे काम गुणवत्ता विभागात, म्हणजे प्रत्येक डब्यात सगळे पत्ते आहेत ना हे पाहायचे. (ग्राहकाला भविष्य कमी पडता कामा नये.) त्यामुळे या मालिकेची वाटचाल मी जवळून पाहिली आहे.

पहिला संच वास्तववादी होता. चित्रे हुबेहूब आणि अर्थही तसेच. ‘उद्या आपण कामावर जाल.’ ‘मुलगा ऐकणार नाही.’ ‘गुडघा दुखतच राहील.’ हा संच शंभर टक्के खरा ठरला आणि लोकक्षोभामुळे मागे घ्यावा लागला.

मग भविष्यवादी. यावर विक्री विभागाचा फार भरवसा होता, कारण नावातच भविष्य होते. चित्रकला शिकलेल्या कुणालाही विचारले असते तर कळले असते की या पंथाला वेगाचे आणि यंत्रांचे वेड होते, उद्या काय होईल याच्याशी त्याला काही देणेघेणे नव्हते. संच छापून आला तेव्हा ‘संन्यासी’ पत्त्यावरच्या गुहेतल्या संन्याशासकट सगळे मोटारीत बसलेले होते आणि प्रत्येक पत्त्याचा सल्ला ‘वेग वाढवा’ असा होता.

दादावादी संच मोठ्या भावांसाठी भेट म्हणून भराभर खपला. (‘ताईवादी कधी काढताय?’ अशी विचारणा अजून होते. विचार चालू आहे.) अतिवास्तववादी संचाबद्दल पत्रे पुष्कळ आली, पण त्या तक्रारी आहेत की कौतुक, हे आम्हाला ठरवता आले नाही. अल्पतमवादी संचात पांढऱ्या पत्त्यावर एक रेघ असते. छपाईतल्या चुकीने काहींवर रेघही उमटली नाही, ते पत्ते परत आले. आम्ही तेच ‘मर्यादित आवृत्ती’ अशी चिठ्ठी लावून पुन्हा पाठवले. मग आले नाहीत.

पण मला सांगायचे आहे ते घनवादी संचाबद्दल, आणि त्याने आमच्या अर्थलेखकाच्या घरात जे केले त्याबद्दल.

अर्थलेखक हे आमच्याकडचे पद आहे. चित्रकार चित्र काढतो, पण चित्राचा अर्थ सांगणे त्याला कमीपणाचे वाटते. म्हणून डब्यात एक छोटी पुस्तिका असते आणि तिच्यात प्रत्येक पत्त्याचा सुलटा अर्थ, उलटा अर्थ दिलेला असतो. तो अर्थ माझ्या शेजारच्या टेबलावर तयार होतो. आमचा अर्थलेखक आधी स्वयंपाकघरातल्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहायचा. मिक्सर, इस्त्री, पाणी तापवायची किटली. माणूस सरळ आणि वक्तशीर. फक्त जुनी सवय हाताला राहिलेली. त्यामुळे आमच्या संचांत ‘मनोरा’ या भीषण पत्त्याखाली ‘यंत्र कोरड्या जागी ठेवावे’ आणि ‘मृत्यू’खाली ‘काही काळ थंड होऊ द्यावे, मग पुन्हा सुरू करावे’ अशी वाक्ये आढळतात. वाचकांना ती फार खोल वाटतात. एका शोकसभेत त्यातले दुसरे वाक्य वाचून दाखवल्याचे मी स्वतः ऐकले आहे.

अर्थलेखकाला एक थोरली बहीण होती. आईवडील लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवले, शिकवले आणि त्याचे लग्नही लावून दिले. स्वतः मात्र लग्न केले नाही. ताई मोटार शिकवण्याचा वर्ग चालवायची. त्यासाठी तिची एक खास गाडी होती. शिकणाऱ्याच्या पायाशी जसे ब्रेक आणि क्लच, तसेच तिच्याही पायाशी. शिकणारा कितीही घाबरला तरी शेवटचा शब्द तिच्या तळपायाचा. बाई मोठ्या मनाची, पण आवाज असा की शेजारच्या गाडीतला माणूसही गिअर बदलायचा.

ताईचे लग्न व्हावे ही अर्थलेखकाची जुनी काळजी होती. दर रविवारी तो तिच्याकडे जायचा, सोफ्यावर बसायचा आणि म्हणायचा, “ताई, एकटीनं किती दिवस काढणार?” ताई म्हणायची, “तू येईपर्यंत बरं चाललं होतं.”

अशात तिच्या वर्गाला एक चष्मेवाला आला. पन्नाशीचा माणूस, बायको जाऊन बरीच वर्षे झालेली, मुलगी परगावी. चौकातच त्याचे चष्म्यांचे दुकान. फार सौम्य. दुकानातल्या फिरत्या खुर्चीवर वळतानाही ज्या बाजूला वळायचे त्या बाजूचा हात बाहेर काढायचा, इतका त्याने अभ्यास मनावर घेतला होता. पण परवान्याच्या परीक्षेत तो नापास व्हायचा. पुनःपुन्हा व्हायचा. सरावात गाडी लोण्यासारखी चालवायचा आणि परीक्षकासमोर फुटपाथवर चढवायचा. ताईला हे कोडे उलगडेना. वर्गातल्या बाकी सगळ्यांना उलगडले होते.

एका सिग्नलला गाडी थांबली असताना तो म्हणाला, “मॅडम, एक विचारायचं होतं.”

“विचारा. आरशात बघत विचारा.”

“तुम्ही माझ्याशी लग्न कराल का?”

“सिग्नल सुटला,” ताई म्हणाली.

मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. गाडी एक आचका देऊन बंद पडली. ताईने ती पुन्हा सुरू करवून घेतली, चौक ओलांडला आणि मग पुढे बघतच म्हणाली, “विचार करून सांगते. क्लच सोडा हळूच.”

चार दिवसांनी तिने सांगितले. गाडी झाडाखाली उभी केली, कप्प्यातून आमचा घनवादी संच काढला (भावाचे काम म्हणून आमचे सगळे संच ती घेते, एक भविष्यवादी तेवढा तिने गाडीत येऊ दिला नाही), त्यातला ‘प्रेमी’ हा पत्ता समोर ठेवला आणि पुस्तिका उघडून उलटा अर्थ वाचला: “समोरची व्यक्ती एकाच वेळी दोन दिशांना पाहत आहे. झाकण नीट बसल्याशिवाय सुरू करू नये.”

“बघा,” ती म्हणाली, “माझ्या हातात काही नाही.”

चष्मेवाला खाली उतरला, दार हलकेच लावले आणि घरी गेला. पण त्याचे समाधान झाले नाही. दोन दिवसांनी दुकान बंद ठेवून तो थेट आमच्या तक्रार खिडकीवर आला. त्या दिवशी खिडकीवर माझी पाळी होती. अर्थलेखक मागे चहा पीत उभा होता.

चष्मेवाल्याने पत्ता काचेखालून आत सरकवला. “हा मी त्यांच्याकडून मागून आणलाय. याबद्दल बोलायचंय.”

मी नियम सांगितला. “उघडलेलं भविष्य परत घेत नाही आपण.”

“परत करायचं नाहीये. समजून घ्यायचंय.” त्याने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. “यात म्हटलंय की मी एकाच वेळी दोन दिशांना बघतो. त्याला आमच्या धंद्यात तिरळेपणा म्हणतात. मी काल डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन तपासून घेतलं. मला नाहीये. हा त्यांचा दाखला.”

दाखला अस्सल होता. खाली सही, शिक्का, सगळे होते.

“आणि दुसरं,” तो म्हणाला, “हा पत्ता उलटा आहे हे ठरवलं कुणी? असा धरला तर दोन माणसं दिसतात. असा धरला तर गिटार दिसते.”

मी फिरवून पाहिला. मला बाटली दिसली. घनवादी चित्रात वस्तू सगळ्या बाजूंनी एकदम दिसते, हे त्या पंथाचे मोठेपण आहे. आणि म्हणूनच तिची वरची बाजू कुठली, हे सांगणे अवघड आहे. छपाईआधी आम्ही चित्रकाराला कोपऱ्यात एक बारीकसा बाण काढायची विनंती केली होती. त्यावर तो एक आठवडा आमच्याशी बोलला नव्हता.

“सुलटा असता तर काय लिहिलंय?” चष्मेवाल्याने विचारले.

अर्थलेखकाला पुस्तिका बघायची गरज नव्हती. तो मागून, अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “सर्व भाग जुळले आहेत. पुढे व्हा.”

चष्मेवाल्याने पत्ता परत घेतला, रुमालाने पुसला, खिशात ठेवला आणि आभार मानून गेला. अर्थलेखकाचा चहा तसाच राहिला. ताईने नाही म्हटले एवढेच त्याला कळले होते. ते त्याच्याच वाक्याच्या जोरावर म्हटले, हे तेव्हा कळले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याची पुस्तिका अक्षरशः पाळली होती. मिक्सरचीही कुणी पाळली नव्हती.

संध्याकाळी वर्ग सुटायच्या वेळी तो ताईच्या गाडीत जाऊन बसला. हे सगळे त्याने मला दुसऱ्या दिवशी शब्दशः सांगितले.

“ताई, ते प्रेमीचं वाक्य मी लिहिलंय.”

“माहितीये. पुस्तिकेच्या शेवटी बारीक अक्षरात तुझं नाव आहे.”

“अगं, पण मी काहीही लिहितो! त्या दिवशी मला सर्दी होती. डोकं जड झालं होतं. झाकणाचं वाक्य तर मिक्सरचं आहे!”

“मग?”

“मग म्हणजे? त्यावरून तू एका चांगल्या माणसाला नाही म्हणालीस!”

“हे बघ,” ताई म्हणाली, “तू शुद्धीत असतोस तेव्हा जे बोलतोस ते मी इतकी वर्षं ऐकतेय. त्यात काही दम नसतो. सर्दीत लिहिलेलं जरा तरी वरून आलेलं असेल. पट्टा लाव.”

त्याने पट्टा लावला. या युक्तिवादाला आजवर कंपनीत कुणाला उत्तर सापडलेले नाही. उलट विक्री विभागाने त्याचे टिपण करून ठेवले आहे.

अर्थलेखकाने मग रीतसर मार्ग धरला. ‘घनवादी संच, पत्ता प्रेमी, उलट्या अर्थात दुरुस्ती’ असा विषय त्याने बैठकीत मांडला. व्यवस्थापिकाबाईंनी तो सहानुभूतीने ऐकून घेतला.

“तुमचं दुःख मला कळतं,” त्या म्हणाल्या, “पण ज्यांना हा पत्ता आधीच निघालाय त्यांचं काय? कुणी या वाक्यावर नोकरी सोडली असेल, कुणी घर बदललं असेल. आज आपण म्हटलं की ते चुकलं होतं, तर उद्या सगळे आपलं जुनं आयुष्य परत मागायला येतील. ते ठेवायचं कुठं?”

गोदामाची अडचण खरी होती. अर्थलेखकाने निदान बाण तरी छापावा, असे सुचवले. चित्रकार ताडकन उठला.

“माझ्या चित्राला वरखाली नाही! वरखाली तुमच्या डोक्यात आहे!”

“अहो, पण माझ्या बहिणीचं लग्न—”

“तिला म्हणावं, आडवा धरून बघ.”

ठराव एकमताने फेटाळला गेला. (अर्थलेखकाला मताचा अधिकार नाही.) पण त्याच बैठकीत पुढच्या संचाचे काम त्याच्याकडे सोपवले गेले: दृक्प्रत्ययवादी संच. हा तो धूसर पंथ, ज्यात जवळून नुसते ठिपके दिसतात आणि दहा पावले मागे गेले की तळे दिसते. अर्थलेखक कागद घेऊन टेबलाशी बसला, आणि मी त्याच्या चेहऱ्यावर असा निश्चय पाहिला की जो किटलीची पुस्तिका लिहिणाऱ्याच्या चेहऱ्यावर सहसा नसतो.

त्याने काय केले ते संच बाजारात गेल्यावरच कळले. आमच्याकडे मजकूर तपासला जातो, पण फक्त ऱ्हस्वदीर्घासाठी, आणि ते बिनचूक होते. अठ्ठ्याहत्तर पत्ते, प्रत्येकाचे दोन अर्थ, आणि एकूण एक अर्थात त्याने काच घातली होती. ‘चंद्र: काचेशी ज्याचा संबंध आहे अशा माणसाला होकार द्या.’ ‘रथ: काचेचा माणूस दारात उभा आहे, वाट पाहायला लावू नका.’ ‘मूर्ख: काचेच्या माणसाला नाही म्हणणारा.’ उलटा धरा, सुलटा धरा, फाडून अर्धा धरा, सुटका नव्हती. त्याला वाटले, ताई पत्ता ओढणार तर ओढू दे; आता कुठलाही ओढला तरी चौकातल्या चष्म्याच्या दुकानातच जाऊन पोचेल.

अडचण अशी की संच ताईपुरता छापलेला नव्हता.

दृक्प्रत्ययवादी संच आमचा सर्वाधिक खपाचा संच ठरला. कारण उघड आहे. बाकीचे संच मोघम बोलतात. हा काय करायचे ते स्पष्ट सांगायचा, आणि कितीही वेळा विचारले तरी शब्द फिरवायचा नाही. इतका ठाम सल्ला लोकांना घरच्यांकडूनही मिळत नव्हता. परिणाम लवकरच दिसू लागला. खिडक्यांना तावदाने बसवणारा एक माणूस ज्या तीन घरांत कामाला गेला तिथून त्याला लग्नाच्या मागण्या आल्या. मत्स्यालये विकणाऱ्याच्या दुकानासमोर रांग लागू लागली आणि रांगेतल्या कुणालाही मासे नको होते. बाटल्यांचा भंगारवाला, बल्बवाला, प्रयोगशाळेतला नळ्या धुणारा, सगळ्यांचे दिवस पालटले. मोटारीच्या काचा बदलणाऱ्या एकाने तर घाबरून लोखंडाच्या कामात नोकरी धरली. आमच्या पाहणीनुसार त्या वर्षी काचेच्या धंद्यातल्या अविवाहितांची संख्या निम्म्यावर आली. (उरलेल्या निम्म्यांबद्दल पाहणीत ‘पत्त्यांच्याही आवाक्याबाहेर’ असा शेरा आहे.) काचकामगार संघटनेने कंपनीला काचेचे स्मृतिचिन्ह पाठवले. ते वाटेत फुटले, पण भावना पोचल्या.

इकडे अर्थलेखक संच घेऊन रविवारी ताईकडे गेला. ताईने डबा उघडला, पत्ते पिसले नाहीत, ओढले नाहीत. सरळ पुस्तिका घेतली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढली. तो समोर बसून सोफ्यावरच्या चादरीच्या कडेचे दोरे ओढत होता.

“सगळ्या पत्त्यांत काच?” ती म्हणाली.

“योगायोग असेल.”

“मी तुला बूट बांधायला शिकवलंय. माझ्याशी खोटं बोलू नकोस.”

तो एकदम म्हणाला, “ताई, तो भला माणूस आहे गं. डॉक्टरचा दाखला घेऊन आला होता तो. एका मिक्सरच्या वाक्यावरून तू त्याला घालवलंस. मला झोप लागत नाही.”

ताईने पुस्तिका मिटली.

“मी त्याला वाक्यावरून नाही घालवलं. मला लग्नच करायचं नव्हतं.”

“मग तो पत्ता?”

“अरे, इतक्या चांगल्या माणसाला तोंडावर नाही म्हटलं तर त्याला किती लागेल! ‘तुम्ही मला आवडता, पण मला माझं घर असंच आवडतं’ हे कुणाला पटतं का? तुला तरी पटलंय का इतक्या वर्षांत? पत्त्यानं नाही म्हटलं की माणूस पत्त्यावर चिडतो. म्हणून बसले पत्ते ओढत.”

“ओढत म्हणजे? किती ओढलेस?”

“पहिला ओढला तो ‘हो म्हणा’ म्हणाला. म्हटलं, याला काय कळतंय. दुसरा ओढला, तोही तसलाच. मग हा निघाला. हा सुलटा होता की उलटा, मलाही कळेना. मी म्हटलं, उलटा.”

इतक्या दिवसांची उडालेली झोप, बैठकीतला अपमान, तावदानवाल्याची तारांबळ, सगळे अर्थलेखकाच्या डोळ्यांसमोरून गेले.

“मला वाटलं तू एकटी आहेस,” तो म्हणाला.

“तुला लांबून तशी दिसते.” ताई उठली, त्याच्या हातातली चादर सोडवून घेतली. “आणि खरं सांग, माझं लग्न झालं असतं तर तुझे रविवार सुटले असते. हो की नाही?”

तो लाल झाला. म्हणजे हो.

“मग नको येऊस दर रविवारी. मला राग नाही यायचा. मला रविवारी दुपारी आडवं पडून रेडिओ ऐकायचा असतो, आणि तू सोफा अडवतोस.”

हेही त्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितले. कशाने जास्त लागले, ते त्याने सांगितले नाही. मीही विचारले नाही. त्या दिवशी मी मोजलेल्या डब्यांत तीन पत्ते कमी निघाले.

चष्मेवाल्याचे काय झाले, हेही सांगायला हवे. त्यानेही आमचा नवा संच घेतला. पण तो स्वतःच काचेचा माणूस, त्यामुळे आपण नेमका कुणाला होकार द्यायचा हे त्याला कळेना. त्याने बरेच दिवस आरशात पाहून विचार केला. आरशाला तडा होता, म्हणून तो नवा घ्यायला आरसे आणि चौकटी विकणाऱ्या बाईंच्या दुकानात गेला. त्या बाईंच्या गल्ल्यावर आमचाच डबा उघडा पडलेला. ‘रथ’ वर होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिले, मग डब्याकडे पाहिले, आणि दोघांनाही पुढे काही बोलायची फारशी गरज पडली नाही. त्याच महिन्यात तो गाडीच्या परीक्षेत पास झाला. परीक्षक म्हणाला, इतकी सफाईदार गाडी मी क्वचित पाहिली आहे.

लग्न नोंदणी कार्यालयात झाले. ताईला साक्षीदार म्हणून बोलावले होते. तिने सही केली, आरसेवाल्या बाईंना जवळ घेतले आणि चष्मेवाल्याला बजावले, “चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. विसरता तुम्ही.” तो म्हणाला, “हो मॅडम.” खूप हसला. त्याच्या चष्म्याच्या काचांवर वाफ धरली होती.

परतीच्या वाटेवर अर्थलेखक तिच्या शेजारी बसला होता. वाटेतला पेट्रोल पंप मागे पडला.

“बरी दिसतात नाही दोघं?” ती म्हणाली.

“पस्तावलीस का, ताई?”

“थोडीशी,” ती म्हणाली. “कार्यालयापासून पेट्रोल पंपापर्यंत. मग गेलं.”

तिने त्याला त्याच्या दारात उतरवले आणि काच खाली न करता हात हलवून निघून गेली. पुढच्या रविवारी तो गेला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी ताईनेच फोन करून विचारले, जिवंत आहेस ना.

या प्रकरणावरून कंपनीने धडा घेतला आणि मोठी पाहणी केली. निष्कर्ष असा की भविष्य जाणून घ्यायला आमचे पत्ते कुणीच ओढत नाही. उत्तर आधी ठरलेले असते. ग्राहक ते निघेपर्यंत ओढत राहतो, निघाले की डबा मिटतो आणि ‘काय अचूक आहे हो!’ असे कळवतो. त्यामुळे व्यवस्थापिकाबाईंच्या मते पत्त्यांचा खर्चही अनाठायी आहे. हेच काम एखाद्या साध्या छापील गोष्टीनेही भागेल. तिच्यात एक होकार असावा, एक नकार असावा, आणि दोन्हीकडची माणसे भली असावीत. ग्राहक आपल्याला हवा तो भाग उचलेल.

प्रायोगिक तत्त्वावर अशी एक गोष्ट छापून वाटायचे ठरले. लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. ती आपण आत्ताच वाचून संपवली. वाचताना मध्येच कुठेतरी आपल्याला एका माणसाची आठवण झाली असेल, आणि त्याला काय सांगायचे याबद्दल या गोष्टीने आपल्याला नेमका कौल दिला आहे, असेही वाटले असेल. तो अचूक निघाल्यास कृपया कळवावे. चुकीचा वाटल्यास पुन्हा पहिल्यापासून वाचावे, हवा तो निघेपर्यंत.